बेकरकृत शिकारग्रंथांतील गोळीविचार : एक परामर्श

शिकारीचे ग्रंथ इतिहाससंशोधकाच्या कपाटांत बहुधा मागील फळीवर पडून असतात. पराक्रम लेखकानेंच सांगितलेला, साक्षी मुके आणि प्रतिपक्ष मेलेला. तेव्हां अशा ग्रंथांस साधन म्हणून कितपत मान द्यावा, हा संशय रास्तच आहे. परंतु सर सॅम्युएल बेकर (१८२१–१८९३) याच्या ‘वाइल्ड बीस्ट्स अँड देअर वेज’ या १८९० सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचें पहिलें प्रकरण आम्हांस निराळ्या योग्यतेचें वाटतें. प्रकरण मागील अर्धशतकांतील रायफलीविषयीं आहे. त्याचा गाभा मात्र गोळी हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्या देशांत वाघाच्या वा हत्तीच्या शिकारीचा प्रश्न व्यवहाराचा राहिला नाहीं, तो इतिहासाचा झाला. म्हणून मोठ्या जनावरास कोणती गोळी मारावी याचें बेकरचें उत्तर कोणत्या पुराव्यावर उभें आहे, एवढेंच आम्ही येथें पाहणार आहों.

प्रथम मापाचा उलगडा केला पाहिजे. त्या काळच्या बंदुकीस १२, ८, ४ असे नंबर असत, ते इंच नव्हेत. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा वाटोळ्या गोळ्या केल्या असतां त्यांतील एक ज्या नळींत बसेल, ती बारा नंबरची. अर्थात् नंबर जितका लहान, तितकी नळी मोठी. पौंडाचे ग्रेन ७००० व तोळ्याचे १८०. या हिशेबानें बारा नंबरची गोळी सुमारें सव्वातीन तोळ्यांची व चार नंबरची सुमारें पावणेदहा तोळ्यांची होते. ज्यांच्या संग्रहीं जुन्या शिशाच्या गोळ्या आहेत, त्यांनीं त्या अवश्य तोलून पाहाव्या. मात्र तोंडानें भरावयाच्या बंदुकींत गोळीभोंवतीं चिंधी गुंडाळीत, त्यामुळें गोळी नळीहून किंचित् लहान असे. केवळ वजनावरून नळीचा नंबर ठरविणाराची येथें फसगत होते.

बेकरनें १८४० सालीं ब्रिस्टल येथील गिब्ज याजकडून स्वतःच्या कल्पनेप्रमाणें रायफल घडवून घेतली. वजन २१ पौंड, नळी ३६ इंच व आंत दोन खांचा; वाटोळी गोळी ३ औंसांची, लांबट ४ औंसांची आणि दारू १६ ड्रॅम, म्हणजे सुमारें अडीच तोळे. १८४५ सालीं तो सिंहलद्वीपास गेला. तेथें गांठ हत्तीशीं होती. हत्तीच्या डोक्याचें हाड जाड व पोकळ्यांनीं भरलेलें. निर्भेळ शिशाची गोळी त्यांत चपटी होऊन मेंदूपर्यंत न पोंचण्याचा संभव असे. म्हणून त्या काळचे शिकारी शिशांत कथील किंवा पारा मिसळून गोळी कठीण करीत.

वाघाविषयीं मात्र बेकरचें मत उलट आहे. त्यासाठीं .५७७ इंची नळी, ६ ड्रॅम दारू आणि ६४८ ग्रेनांची, म्हणजे बरोबर ३.६ तोळ्यांची, भरीव व निर्भेळ शिशाची गोळी तो पसंत करतो. ही गोळी अंगांत शिरल्यावर छत्रीसारखी फुलते, परंतु फुटत नाहीं. आणि पलीकडच्या कातड्याखालीं अडकून राहते. तिचा सर्व जोर जनावराच्या देहांतच खर्च होतो. तत्कालीन ‘एक्स्प्रेस’ रायफलीच्या पोकळ गोळीवर त्याचा आक्षेप असा कीं, ती हाडावर लागतांच तिचे तुकडे होतात; जखम भयंकर दिसते, पण वर्म शाबूत राहतें.

याच विषयावर कॅप्टन फॉर्साइथ यानें १८६० च्या दशकांत स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. मोठी वाटोळी गोळी, दारू भरपूर व पीळ अगदीं मंद, १०४ इंचांत एक फेरा, असा त्याचा सिद्धान्त. पीळ उतावळा असल्यास जोराच्या दारूनें गोळी खांचा सोडून घसरते, हें त्याचें कारणही खरें आहे. परंतु त्याच्या विचाराचा आरंभ नळीपासून होतो, बेकरच्या विचाराचा शेवट जनावराच्या देहांत होतो. मेलेल्या जनावरांतून काढलेली गोळी हा बेकरचा अस्सल कागद होय. तिचें उरलेलें वजन व पालटलेला आकार कोणासही पुन्हा तपासतां येतो. त्याच्या मताची किंमत आम्ही यामुळेंच अधिक धरतों.

तथापि या दप्तरांत एक मोठी त्रुटि आहे. गोळी तपासली जाते ती पडलेल्या जनावरांतली. जखमी होऊन पळालेल्या जनावराची साक्ष कोणत्याच ग्रंथांत नोंदली जात नाहीं. आणि धोका तर तेथेंच असतो. जिम कॉर्बेट यानें १९०७ सालीं मारलेल्या चंपावतच्या वाघिणीचे उजवीकडील वरचा व खालचा असे दोन्ही सुळे जुन्या गोळीनें मोडलेले होते. ती नरभक्षक झाली याचें कारण त्यानें आपल्या १९४४ च्या ग्रंथांत हेंच दिलें आहे. वाया गेलेल्या एका गोळीचा हिशेब अखेर गांवकऱ्यांनीं चुकविला.

दुसरी त्रुटि जोराच्या मोजणीची. गोळीचें वजन व वेग यांवरून काढलेल्या आंकड्यांवर बेकरची भिस्त आहे. परंतु बेल यानें आफ्रिकेंत हजारांहून अधिक हत्ती मारले, त्यांतील पुष्कळ .२७५ इंची रायफलीनें. १७३ ग्रेनांची, म्हणजे तोळ्याहूनही कमी वजनाची, कठीण धातूचें पूर्ण कवच असलेली लांब गोळी त्यानें वापरली. त्याचा ग्रंथ १९२३ चा आहे. पावणेदहा तोळ्यांनीं जें साधावयाचें, तें एका तोळ्याच्या आंत साधलें. कारण लांब व कठीण गोळी न वांकतां सरळ मेंदूपर्यंत गेली आणि मारणारास हत्तीच्या कवटीची रचना पक्की ठाऊक होती. यावरून लहान गोळी सर्वांस पुरेशी, असें अनुमान काढणें मात्र चूक होय. बेलचा हात सर्वांस नसतो. मोठी नळी चुकीस थोडी सवड देते, इतकेंच.

फुलणाऱ्या गोळीस १८९९ सालच्या हेग येथील घोषणेनें युद्धांत मनाई झाली. शिकारींत मात्र जनावर लवकर मरतें म्हणून तीच दयेची मानली गेली. शिशाच्या तुकड्यांचा प्रश्नही पुढें निराळ्या रूपानें उभा राहिला. टाकलेल्या आंतड्यांतील कण खाऊन गिधाडांसारखे पक्षी विषबाधेनें मरतात असें सिद्ध झाल्यावर कॅलिफोर्नियानें शिकारींत शिशाची गोळी १ जुलै २०१९ पासून सर्वत्र बंद केली, व भरीव तांब्याची गोळी पुढें आली. फुलावी पण फुटूं नये, ही बेकरची अट तिनें दुसऱ्या धातूंत पाळली आहे.

एकंदरींत, बेकरचा निर्णय सर्वस्वीं ग्राह्य नसला तरी त्याची रीत ग्राह्य आहे. शिकारग्रंथ वाचतांना किती जनावरें पडलीं हें विचारण्याआधीं, गोळी कोठें सांपडली, तिचें वजन किती उरलें व किती जनावरें जखमी होऊन निसटलीं, हे तीन प्रश्न विचारावे. पहिल्या दोहोंचें उत्तर बेकर देतो. तिसऱ्याचें उत्तर न देणाऱ्या ग्रंथाची साक्ष अर्धीच समजावी. आणि त्या अर्ध्यांत बेकरचाही ग्रंथ येतो.