बहरीन : तेलातून बाहेर पडल्याची गोष्ट आणि तिचा हिशेब

मंडळी, वरंधला बसून बहरीनवर कशाला बोलायचं, असं कुणी विचारेल. तर महाड-पोलादपूरकडच्या कितीतरी घरांचा महिन्याचा खर्च आखातातून येणाऱ्या पैशावर चालतो. तिथली गोष्ट ही आपलीही गोष्ट आहे.

बहरीनबद्दल नेहमी सांगितलं जातं ते असं. छोटं बेट, तेल थोडं, पण राज्यकर्ते शहाणे. तेल संपायच्या आत त्यांनी बँका आणल्या आणि देश वाचला. या गोष्टीत खरं किती, ते आज तपासू.

आधी श्रेय देऊ. बहरीनचा मूळ धंदा मोत्यांचा, आणि त्या मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबई. जपानी संवर्धित मोती आले, जागतिक मंदी आली, धंदा बसला. नेमकं तेव्हाच, 1932 साली, तेल लागलं. आखाताच्या अरब किनाऱ्यावरचं ते पहिलं. 1965 पर्यंत तिथल्या व्यवहारात आपला रुपयाच चालायचा, नंतर दिनार आला. 1971 मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना सुरू झाला. 1975 मध्ये परदेशी बँकांना परदेशी व्यवहारांपुरती सवलत दिली. त्याच वर्षी लेबनॉनात यादवी पेटली आणि बैरूतच्या बँकांना नवं घर हवं होतं. संधी बरोबर साधली, हे मान्यच करायला हवं. आज देशाच्या उत्पन्नात वित्तक्षेत्राचा वाटा साधारण सहावा हिस्सा आहे.

आता माझा आक्षेप. त्या बँकांत पैसा कुणाचा होता? बराचसा शेजाऱ्यांच्या तेलाचा. म्हणजे तेलाची विहीर सोडली आणि तेलाच्या पाटावर शेत केलं. विहीर आटली की पाटही आटणारच. 1980 च्या दशकात तेलाचे भाव पडले तेव्हा बँकांचा जोरही ओसरला. 2004 मध्ये दुबईने स्वतःचं वित्तकेंद्र उभं केलं, तेव्हा कळलं की कारखाना उचलून नेणं अवघड असतं, बँकेचं ऑफिस नेणं सोपं.

दुसरी गोष्ट सरकारी तिजोरीची. उत्पन्नाच्या आकड्यात तेलाचा वाटा कमी दिसतो, पण सरकारी महसुलाचा निम्म्याहून जास्त भाग अजून तेलाचाच. त्यातही मोठा वाटा सौदी अरेबियासोबतच्या अबू सफा या सामायिक तेलक्षेत्राचा. बँका वाढल्या, पण त्यांच्याकडून कर घ्यायचा नाही असं ठरवूनच त्यांना बोलावलं होतं ना! मग तिजोरी भरणार कशी? 2008 मध्ये '2030 चं आर्थिक स्वप्न' जाहीर झालं. दहा वर्षांनी, 2018 मध्ये, सौदी, कुवेत आणि अमिरातींना 10 अब्ज डॉलरचा आधार द्यावा लागला. 2019 मध्ये 5 टक्के मूल्यवर्धित कर आला, 2022 मध्ये तो 10 टक्के झाला. बँकांसाठी राखलेली सवलत शेवटी दुकानातल्या गिऱ्हाइकाने भरली.

हे आपण जवळून पाहिलेलं आहे. कोकण मुंबईच्या गिरण्यांच्या मनीऑर्डरवर जगलं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि मनीऑर्डरी थांबल्या. पुढे गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे आले, त्यांत बँका आल्या. मुंबई श्रीमंत झाली, पण साच्यावरच्या माणसाला त्या मनोऱ्यात काम मिळालं नाही. वित्तव्यवसायात पैसा मोठा, माणसं थोडी.

म्हणून एखाद्या देशाने 'विविधता' आणली असं ऐकलं की तीन प्रश्न विचारावेत. नव्या धंद्यातला पैसा मुळात कुठून येतो? तिजोरीत त्यातलं किती पडतं? आणि काम कुणाला मिळतं? बहरीन पहिल्या दोन्हीत अडखळतो. तिसऱ्यात तिथल्या तरुणांचीही तक्रार आहेच.

हेच प्रश्न घरच्या वहीलाही लावून बघा. आखातातून आलेल्या पैशाचं घर झालं, स्लॅब पडला, चांगलंच आहे. पण त्या पैशातून दुसरं उत्पन्न उभं राहिलं का? नसेल, तर आपलंही बहरीनच आहे, फक्त आपल्याला आधार द्यायला कुणी सौदी शेजारी नाही.