कार्बन क्रेडिटचे अर्थकारण : पवनऊर्जेवरील एका अभ्यासाचे परीक्षण

क्योटो कराराच्या (१९९७) बाराव्या कलमाने स्वच्छ विकास यंत्रणा निर्माण केली. विकसनशील देशात टाळलेल्या उत्सर्जनाचे क्रेडिट विकसित देशातील उद्योगाने विकत घ्यावे व त्या बदल्यात तेवढे उत्सर्जन स्वतः चालू ठेवावे, असे तिचे स्वरूप होते. मुख्य अट अशी की, क्रेडिटच्या पैशाशिवाय प्रकल्प उभा राहिला नसता हे दाखविले पाहिजे. जे घडले नाही ते सिद्ध करावयाचे, ही न्यायालयालाही अवघड वाटावी अशी मागणी आहे.

कॅलेल, कोल्मर, देशेझलप्रेत्र व ग्लाशाँ यांनी २०२१ च्या निबंधात भारतीय पवनऊर्जा प्रकल्पांना ही कसोटी लावली. क्रेडिटविना उभ्या राहिलेल्या, कमी किफायतशीर प्रकल्पांशी तुलना करता मंजूर क्रेडिटांपैकी किमान ५२ टक्के क्रेडिटे बहुधा तसेही उभे राहिले असते अशा प्रकल्पांना गेली, असे त्यांना आढळले.

महाराष्ट्रापुरते पाहता हे अनपेक्षित नाही. पाटण तालुक्यातील वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या उभ्या राहत होत्या तेव्हा त्वरित घसाऱ्याची करसवलत उपलब्ध होती. राज्य वीज नियामक आयोगाने नोव्हेंबर २००३ मध्ये युनिटला ३.५० रुपये व दरवर्षी १५ पैसे वाढ असा दरही ठरवून दिला. क्योटो यंत्रणेतील जगातला पहिला प्रकल्प नोंदला गेला तो त्यानंतर वर्षभराने. तो ब्राझीलमधील कचराभूमीच्या वायूचा होता.

उद्धृत करणारे बहुधा 'किमान' हा शब्द गाळतात. उरलेली ४८ टक्के क्रेडिटे खरी ठरली असा त्याचा अर्थ नव्हे. मात्र सदर निबंध हानी मोजतो ती जागतिक उत्सर्जनाची. विकसनशील देशातील कोणत्या विक्रेत्याचे नुकसान झाले, हा प्रश्न प्रस्तुत लेखकास अधिक महत्त्वाचा वाटतो. अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी मांडलेला युक्तिवाद येथे लागू पडतो : खरा-खोटा माल ओळखता येत नसेल तर भाव खोट्याचा ठरतो. २००८ मध्ये २० युरोंवर गेलेले क्रेडिट २०१२ अखेर एक युरोच्याही खाली आले. युरोपातील मंदी हे एक कारण होतेच. पण फुकाचा पुरवठाही होता, आणि क्रेडिटवरच अवलंबून असलेला प्रकल्प त्यात टिकणे शक्य नव्हते.

केंद्र शासनाने जून २०२३ मध्ये देशांतर्गत कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. त्यानंतर दोनच महिन्यांत मोशीच्या कचरा डेपोतील सुमारे ३०० कोटींच्या, वर्षाला अडीच लाख टन कचरा वापरणाऱ्या वीजप्रकल्पाचे उद्घाटन झाले. तो क्रेडिटची वाट न पाहता उभा राहिला आहे. असे प्रकल्प उद्या या बाजारात विक्रेते म्हणून आले, तर ज्या लहान नगरपरिषदेला क्रेडिटविना कचऱ्याचा वायू गोळा करणे परवडणारच नाही, तिला याच भावाने विकावे लागेल.