थांबलेला शेरखान

दूरदर्शनवर १९९३ साली आलेली ‘जंगल बुक’ मालिका आपल्याकडे आठवते ती गुलजारांच्या शीर्षकगीतामुळे आणि शेरखानला मिळालेल्या नाना पाटेकरांच्या आवाजामुळे. ती निप्पॉन ॲनिमेशनने फुमियो कुरोकावा यांच्या दिग्दर्शनाखाली १९८९ मध्ये केली होती. त्यातली चित्रे कशी हलतात, हा विषय आपल्याकडे चर्चेला आलाच नाही. आम्हा भंडारा जिल्ह्यातल्यांना तरी त्याचे अगत्य असावे. किपलिंगचे जंगल सिवनीचे, आणि कथेतली वैनगंगा पुढे भंडाऱ्यावरूनच वाहते.

अशा चित्रांवरचा नेहमीचा आक्षेप म्हणजे हालचाल तुटक, पैसे वाचवलेले. पैसे वाचवले होते हे खरेच. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी धावतात. डिस्नेच्या पठडीत एक चित्र एक किंवा दोन चौकटी टिकते, म्हणजे सेकंदाला १२ ते २४ चित्रे. ओसामु तेझुका यांनी १९६३ मध्ये ‘तेत्सुवान आतोमु’ ही साप्ताहिक मालिका सुरू केली, आणि एक चित्र तीन चौकटी धरून ठेवण्याची रीत जपानी दूरचित्रवाणीवर रुळली. सेकंदाला ८ चित्रे. बोलताना अंग एका पारदर्शक सेलवर स्थिर, तोंड दुसऱ्यावर.

पण आठच चित्रे हाती असली की ती कुठे खर्चायची आणि कुठे राखायची, हे ठरवावे लागते. शेरखान बोलतो तेव्हा जबड्याखेरीज काही हलत नाही, म्हणून धाक वाटतो. त्या स्थिरतेवरच पुढची झेप उभी असते. तबल्यातली खाली ऐकणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

योशिनोरी कानादा (१९५२–२००९) यांनी हे टोकाला नेले. एका ढबीतून दुसरीत जाताना ते मधली चित्रे बेधडक गाळत आणि नेमकी मुद्रा जास्त वेळ धरत. मियाझाकींच्या ‘नौसिका’तही त्यांचे काम आहे, मला ते तिथे बरेच आवरलेले वाटते.

‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’मध्ये (१९९२) युगो साको आणि कोइची सासाकी यांच्याबरोबर राम मोहन दिग्दर्शक होते. ते मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये डिस्नेच्या क्लेअर वीक्सकडून शिकलेले. दोन पठड्यांचा हा संसार सुखाचा झाला असे मला वाटत नाही. संवादांत चित्रपट मवाळ, जवळजवळ सपाट आहे. युद्धात मात्र लय सापडते.

जानेवारी २०२५ मध्ये तो पुन्हा चित्रगृहांत आला, ‘जंगल बुक’ही लोक घरी बघतात. पण बऱ्याच नव्या टीव्हींत हालचाल गुळगुळीत करणारी सोय असते. दोन चित्रांमधली चित्रे यंत्र स्वतःच बनवते. तीन चौकटींचा थांबा पुसला जातो आणि झेपेचा झटका पाघळतो. जे चित्र कलावंताने विचार करून गाळले, ते यंत्र परत आणून ठेवते. त्याला सुधारणा म्हणवत नाही. लाखनीत कुणाकडे ही मालिका पाहायला बसलो की मी आधी रिमोट मागतो आणि ती सोय बंद करतो. पोरे म्हणतात, काका, आता चित्र अडकतंय.