वस्तुनिष्ठ प्रश्न आणि जीवशास्त्रीय आकलन : एक चिकित्सा

महाविद्यालयीन अंतर्गत मूल्यमापनात बहुपर्यायी प्रश्नांना आज महत्त्वाचे स्थान आहे. मोठ्या वर्गात तपासणीची समानता राखण्यासाठी हा प्रकार उपयुक्त आहे, हे मान्यच करावे लागेल. तथापि, अशा प्रश्नांतून विषयाचे आकलन तपासले जाते की केवळ संज्ञांचे स्मरण, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

‘पेशीचे ऊर्जाकेंद्र कोणते?’ या प्रश्नाला ‘तंतुकणिका’ हे उत्तर विद्यार्थी सहज देतो. परंतु मानवाच्या परिपक्व लोहित रक्तपेशीत तंतुकणिका नसतात. मग तिला ऊर्जा कोठून मिळते, असे विचारताच तो अडखळतो. पेशीद्रव्यात ग्लुकोजचे विघटन होऊनही ऊर्जा मिळते, हा संबंध त्याच्या ध्यानात आलेला नसतो.

परिस्थितिकीतही हेच घडते. रेमंड लिंडेमन यांच्या १९४२ च्या मांडणीशी जोडला जाणारा १० टक्क्यांचा नियम उदाहरणात वापरून १०,००० ज्यूलवरून १,००० आणि १०० पर्यंत येणे, हे केवळ अंकगणित होय. उर्वरित ऊर्जेचा बराच भाग श्वसनक्रियेत उष्णतारूपाने निघून जातो. म्हणूनच जंगलात हरणांपेक्षा वाघ थोडे असतात, हे आकलन त्यातून तपासले जात नाही.

मानवी उत्क्रांतीच्या बाबतीत ही उणीव अधिक गंभीर ठरते. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद येथे तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले नाही, या आधारे डार्विनचा सिद्धान्त चुकीचा ठरविला. देशातील तीन विज्ञान अकादमींनी त्यास संयुक्त निवेदनाद्वारे आक्षेप घेतला. आजचे माकड मानवाचा पूर्वज नसून दोघांचा पूर्वज समान आहे, हा मूलभूत भेद आहे. डार्विनच्या ग्रंथाचे वर्ष अचूक सांगणारा विद्यार्थीही हाच गैरसमज बाळगून पूर्ण गुण मिळवू शकतो.

सारांश, दोष प्रश्नप्रकाराचा नसून पर्यायांच्या निवडीचा आहे. चुकीचे पर्याय काल्पनिक नसावेत. विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष गैरसमजांतून ते घ्यावेत. त्यांचा साठा वर्णनात्मक उत्तरपत्रिकांत आपल्यासमोर असतो. गुण देऊन त्या बाजूला ठेवण्यापूर्वी वारंवार आढळणाऱ्या चुकांची नोंद प्रत्येक विभागाने ठेवल्यास पुढील वर्षाची प्रश्नपेढी त्यातूनच सिद्ध होईल.