वायकिंग्जचे 14 विजय आणि यंदाचं भाकीत

ऑगस्ट म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या भाकितांचा महिना. सप्टेंबरात एनएफएलचा 2025 चा हंगाम सुरू होईल आणि त्याआधी जो तो 32 संघांचं भविष्य सांगून मोकळा होतो. मिनेसोटा वायकिंग्जबद्दल यंदा एक युक्तिवाद वारंवार दिसतोय. मागच्या हंगामात त्यांनी 17 पैकी 14 सामने जिंकले, पण त्यातले बरेच थोडक्यात. म्हणजे नशीब होतं. म्हणजे यंदा नशीब फिरणार आणि संघ घसरणार.

माझ्या मते हा युक्तिवाद निम्मा बरोबर आहे. उरलेला निम्मा कुठे फसतो हे कळायला खेळ येण्याची गरज नाही. एवढंच लक्षात ठेवा: एका टचडाउनमधून जास्तीत जास्त 8 गुण मिळतात, म्हणून 8 किंवा त्याहून कमी फरकाने सुटलेला सामना तिथे अटीतटीचा धरतात. आपल्याकडच्या शेवटच्या षटकापर्यंत गेलेल्या मॅचसारखाच.

आता 2022 कडे चला, कारण या युक्तिवादाला वजन आलं ते तिथून. त्या हंगामात वायकिंग्ज 13-4. कोल्ट्सविरुद्ध 0-33 ने मागे पडून 39-36 ने जिंकले, एनएफएलच्या इतिहासातलं सर्वात मोठं पुनरागमन. पण हंगामभरात त्यांनी केले 424 गुण आणि दिले 427. तेरा विजय मिळवणाऱ्या संघाचा गुणफरक उणे 3! अटीतटीचे सामने 11, आणि अकराच्या अकरा जिंकलेले. हरले ते मात्र सणसणीत: डॅलस काउबॉइजकडून 3-40, पॅकर्सकडून 17-41. आयपीएलची गुणतालिका बघताना आपण नेट रनरेटच्या रकान्यावर नजर टाकतोच ना, तसंच हे.

गुणांवरून विजयांचा अंदाज बांधायचं एक जुनं सूत्र आहे. बिल जेम्स यांनी ते बेसबॉलसाठी मांडलं. त्यात वर्ग येतात म्हणून पायथागोरसचं नाव चिकटलं. फुटबॉलसाठी वर्गाऐवजी 2.37 हा घातांक वापरतात. केलेल्या गुणांचा तो घात, भागिले केलेल्या आणि दिलेल्या गुणांच्या घातांची बेरीज, गुणिले 17. वहीत करून बघा: 2022 साठी उत्तर येतं 8.4. प्रत्यक्षात 13.

त्यामुळे 2023 च्या आधी बऱ्याच जणांनी वायकिंग्ज घसरतील असं सांगितलं. संघ 7-10 वर संपला. भाकीत खरं ठरलं, टाळ्या!

थांबा जरा. त्या हंगामातल्या आठव्या सामन्यात क्वार्टरबॅक कर्क कझिन्सच्या टाचेचा स्नायुबंध फाटला आणि त्याचा हंगाम संपला. पुढे तीन वेगवेगळे क्वार्टरबॅक खेळवावे लागले. मग 7-10 हा कशाचा परिणाम, सरासरीकडे परतण्याचा की दुखापतीचा? परीक्षकाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि भाकीतवाल्यांचा विजयोत्सव वाचताना मला तो क्वचितच दिसला.

सुदैवाने विदा फोडून बघता येते. कझिन्स खेळलेल्या पहिल्या आठ सामन्यांत संघ 4-4, गुणफरक अधिक 13. म्हणजे आधीच्या अख्ख्या हंगामापेक्षा चांगला! तरीही निम्मे सामने हरले, कारण आठपैकी सात अटीतटीचे होते आणि त्यांत 3 विजय, 4 पराभव. कझिन्स गेल्यानंतरच्या नऊ सामन्यांत गुणफरक उणे 31. त्यांतलेही सात अटीतटीचे. निकाल? 3 विजय, 4 पराभव. हुबेहूब तेच.

मला हे फार आवडलं. संघ चांगला असतानाही आणि बिघडल्यावरही अटीतटीचे सामने जवळपास निम्मे-निम्मे गेले. अकरापैकी अकराच्या जागी चौदापैकी सहा आले. अख्ख्या हंगामाचा गुणफरक उणे 3 वरून उणे 18 झाला, म्हणजे सामन्यामागे एक गुणही नाही, आणि विजय मात्र तेरावरून सात. सूत्र या वर्षासाठी 8.0 सांगतं.

पण याला 'नशीब फिरलं' म्हणू नका. सरासरीकडे परतणं म्हणजे नशिबाने उधारी वसूल करणं नव्हे. अकरा वेळा छापा पडला म्हणून पुढे काटा जास्त पडत नाही. पुढे निम्मे-निम्मे पडतात, इतकंच. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मला एक देखणा आलेख मिळाला होता. प्रयोग पुन्हा केला तर परिणाम निम्म्यावर. दोन आठवडे मी काय बिघडलं ते शोधत बसले. काही बिघडलं नव्हतं. पहिला आकडाच चढा होता, आणि चढा होता म्हणूनच तर मी तो सगळ्यांना दाखवत फिरत होते.

आता 2024. उणे 18 वरून सूत्राने साधारण मधला संघ अपेक्षिला असता. वायकिंग्ज 14-3 झाले, 432 गुण केले, 332 दिले. अधिक 100! सॅम डार्नल्ड नावाचा नवा क्वार्टरबॅक आला आणि जमला, हे सूत्राला आधी कुठून कळणार? मागचा विजयांचा आकडा किती फुगलेला होता ते सूत्र सांगतं. उद्या संघात कोण येईल ते नाही. 2022 चा आणि 2024 चा संघ एकाच साच्यात बसवणारे लेख इथेच चुकतात. उणे 3 वाले तेरा विजय आणि अधिक 100 वाले चौदा विजय ही एक जात नाही. 2024 साठी सूत्र 11.1 म्हणतं, म्हणजे हवा काढली तरी संघ चांगलाच उरतो.

मात्र एक खडा टोचतोच. 2024 मध्येही अटीतटीच्या दहापैकी नऊ सामने त्यांनी जिंकले. प्रशिक्षक केविन ओ'कॉनेल 2022 मध्ये आले, तेव्हापासूनच्या तीन हंगामांत 35 पैकी 26. नाणं उडवून 26 किंवा जास्त छापे पडायची शक्यता हजारात तीन. मग हे कौशल्य? घाई नको. आपण हा संघ निवडला तोच मुळी विचित्र दिसला म्हणून. प्रत्येक संघ असेच 35 सामने खेळला असं धरलं, तर 32 पैकी एखाद्याला तरी निव्वळ नशिबाने असा आकडा मिळण्याची शक्यता सुमारे 9 टक्के निघते. शिवाय 2024 चा संघ मुळातच बलवान होता, त्यामुळे त्याच्यासाठी नाणं निम्मं-निम्मं धरणंही कडकच. तरी 9 टक्के म्हणजे शून्य नव्हे, आणि फार मोठा आकडाही नव्हे. 'सगळं नशीब' म्हणणाऱ्यांनी हे 35 सामने एकदा मांडून दाखवायला हवेत.

यंदा डार्नल्ड सिएटलला गेलाय. त्याच्या जागी जे. जे. मॅकार्थी, जो गुडघ्याच्या दुखापतीमुळे गेल्या हंगामात एकही सामना खेळला नाही. अधिक 100 हा गुणफरकही स्वतः सरासरीकडे सरकेल. म्हणून मी वहीत तारीख घालून लिहिलंय: 9 ते 10 विजय. खाली दुसरी ओळ आहे: अटीतटीचे सामने यंदाही असेच एकतर्फी जिंकले, आणि तेही नवख्या क्वार्टरबॅकसह, तर ओ'कॉनेलबद्दलचं माझं मत बदलायचं.