पाडवा, चाँदरात आणि चारोळी

३० मार्च २०२५, रविवार. सकाळी गुढीपाडवा. संध्याकाळी चंद्र दिसला तर चाँदरात आणि सोमवारी ईद. नाही दिसला तर ईद मंगळवारी. त्यात सोमवार म्हणजे ३१ मार्च, आर्थिक वर्षाचा शेवट, गोडाऊनमधला माल मोजून ताळा जुळवायचा दिवस. ट्रॉम्बे गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक मोठं किराणा दुकान आहे. तिथल्या व्यवस्थापकानं हा रविवार कसा पेलला, ते मी येता-जाता आणि बराच वेळ नुसतं उभं राहून पाहिलं. एखादी बंदिश पुन्हा पुन्हा ऐकावी तसा तो दिवस मी अजून आठवतो. त्यातल्या सुंदर जागा पहिल्या खेपेला कळत नाहीत.

गिऱ्हाईक कोण, ते आधी पाहायला हवं. एका बाजूला अणुशक्तीनगर: पगार झाला की महिन्याची यादी घेऊन येणारी सरकारी वसाहत. दुसऱ्या बाजूला चीता कॅम्प. १९७६ मध्ये, आणीबाणीत, जनता कॉलनी उठवून तिथली माणसं इथं आणून टाकली गेली. आज तिथल्या गल्ल्यांत उर्दू, तमिळ, मराठी एकाच दमात ऐकू येते. आणि पार टोकाला, खाडीवर, कोळीवाडा. हे सगळे एकाच दाराने आत येणार होते.

गाठी आणि बत्तासे दाराशी, शेवया आणि खजूर आतल्या टोकाला, ही मांडणी कुणालाही सुचली असती. या माणसाची नजर त्यापुढे गेली होती. श्रीखंड आणि शीरखुर्मा या दोन पदार्थांची घरं वेगळी, पण दोन्हींना साखर लागते, वेलची लागते, पिस्ते लागतात आणि चारोळी लागते. म्हणजे गर्दीची गाठ शेवयांपाशी पडणार नव्हती, गाठींपाशीही नाही. ती सुक्यामेव्याच्या वजनकाट्यापाशी पडणार होती. त्याने शुक्रवारी रात्रीच चारोळी, वेलची, पिस्त्यांच्या छोट्या पुड्या बांधून घेतल्या, प्रत्येक बिलिंग काउंटरच्या हाताशी ठेवल्या आणि रविवारी तो काटा चक्क बंद केला. मला या दिवसातली ही सर्वांत देखणी खेळी वाटते. दुकानातली सर्वांत लहान वस्तू कुठं अडेल, हे ज्याला दोन दिवस आधी दिसतं, त्याला दुकान कळलं.

रांगेचं गणित यामागे आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग नावाच्या गणितज्ञानं १९०९ मध्ये त्याचा पाया घातला. काम करणारा माणूस नव्वद टक्के वेळ गुंतलेला असेल आणि तो पंच्याण्णव टक्के गुंतला, तर रांग पाच टक्क्यांनी वाढत नाही, ती दुपटीच्याही पुढे जाते. म्हणून प्रत्येक बिलामागे वाचलेले वीस सेकंद रांगेच्या शेवटी उभ्या माणसाला कितीतरी मिनिटं होऊन मिळतात. व्यवस्थापकानं एर्लांग वाचलेला नसेल. पण कुणी बिल अर्धं झाल्यावर तेल आणायला पळालं की तो स्वतः काउंटरपाशी येऊन म्हणायचा, "काकू, बिल होल्डवर टाकलंय, जात नाही कुठं. सावकाश या." मागचा माणूस पुढे सरकायचा, आणि काकूंचा मानही राहायचा.

सुट्ट्या पैशांचंही तसंच. चारच दिवसांपूर्वी, २६ मार्चला संध्याकाळी, देशभर यूपीआय अडखळलं होतं. रविवारी प्रत्येक गल्ल्यात दहा-वीसच्या नोटांची थप्पी होती. ती फारशी लागली नाही, तरी ती तिथं असणंच योग्य होतं.

पण मी पुन्हा पुन्हा आठवतो तो सूर्यास्त. गुढी सूर्यास्ताआधी उतरवायची. रोजा सूर्यास्ताला सोडायचा. म्हणजे सातच्या आधीचा थोडासा वेळ असा, की त्या वेळी दोन्ही घरांतली माणसं आपापल्या घरी असणार आणि दुकान ओस पडणार. दुकानातल्या पोरांनाही तेव्हाच घर आठवणार. त्यानं पाळ्या त्याभोवती विणल्या. रोजा असलेली मुलं सकाळी लवकर आली आणि गुढी उभारून, जेवून येणारी दुपारी. सूर्यास्ताला ज्यांचा रोजा ते मागच्या खोलीत खजूर घेऊन बसले. ज्यांच्या घरी गुढी उतरवणारं दुसरं कुणी होतं, त्यांनी तेवढ्यात रिकाम्या झालेल्या मार्गिकांत पोती ओढली आणि रॅक भरले. चंद्र दिसल्याची बातमी आली तेव्हा शेवयांचा रॅक काठोकाठ होता आणि मुलं खाऊन ताजी झाली होती. त्यानंतर आलेली गर्दी मी शब्दांत धरू शकत नाही. पण ती वाहत राहिली, तुंबली नाही.

मुंबईला अशा दुकानदारीचा जुना सराव आहे. गिरणी कामगारांनी १९४८ मध्ये नायगावात सहकारी संस्था काढली, तिचा पुढे 'अपना बाजार' झाला. डी-मार्टच्या राधाकिशन दमानींनी २००२ मध्ये पवईत आपलं पहिलं दुकान उघडण्याआधी नेरुळमध्ये अपना बाजारचीच शाखा चालवून पाहिली होती. दुकानी गर्दीची गोष्ट निघाली की मात्र लोक २६ जानेवारी २००६ चा बिग बझारचा 'सबसे सस्ता दिन' सांगतात. दुकानानं स्वतः बोलावलेली गर्दी त्या दिवशी आवरेना, आणि नंतर ती सवलत एका दिवसाऐवजी अनेक दिवसांत वाटावी लागली. तो किस्सा मोठा आहे, मान्य. मला ट्रॉम्बेचा रविवार मोठा वाटतो. ही गर्दी पंचांगानं आणि चंद्रानं बोलावलेली होती. ती दिवसांत वाटण्याची सोय कुणाच्याच हातात नव्हती. वाटायचे ते तास, आणि ते त्यानं वाटले.

एक उणी जागा आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. चक्का दुपारच्या जेवणाच्या कितीतरी आधी संपला. तयार श्रीखंडाच्या डब्यांवर भिस्त ठेवली गेली, आणि घरी श्रीखंड घोटणाऱ्या बायका इथं अजून किती आहेत, याचा अंदाज चुकला. कोळीवाड्यातल्या एका आजींनी डबा हातात घेऊन परत ठेवला आणि रिकाम्या हाताने गेल्या. त्याने ते पाहिलं. खिशातल्या चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं.

आणि मालमोजणी? ती त्यानं शनिवारीच अर्धी उरकली होती. झाडू, बादल्या, बूटपॉलिश, सणाला कुणी ज्यांना हात लावणार नाही अशा वस्तू आधी मोजून त्या रॅकवर खडूची खूण केली होती. सोमवारी ईदची सुट्टी घेतलेल्या मुलांना कुणी बोलावलं नाही. उरलेला अर्धा माल पाडवा साजरा करून झालेल्यांनी मोजला.