गोचीड तापाची काचपट्टी वाचताना

जळगाव-धुळ्याकडच्या दूध उत्पादकाला गोचीड तापाची ओळख करून द्यावी लागत नाही. संकरित गाय अचानक चारा सोडते, अंग तापतं, दूध आटतं आणि खांद्यापुढची गाठ हाताला टणक लागते. २०२२ मध्ये रावेर-यावलकडे लम्पी त्वचारोग पसरला तेव्हा खानदेशाने जनावरांच्या कातडीवर उठलेल्या गाठी पाहिल्या. ही गाठ निराळी. ती कातडीखालच्या लसिका ग्रंथीची. पशुवैद्यक तिच्यात सुई घालून थेंबभर द्रव काढतात, काचेवर पसरतात, त्याला गिम्सा रंग देतात आणि हजारपट मोठा करून पाहतात. त्या काचपट्टीवर दिसतं ते सावकाश वाचावं असं आहे.

आधी नजरेत भरते ती एक फुगलेली पांढरी पेशी. तिचं जांभळं केंद्रक कडेला सरकलंय. फिकट निळ्या पेशीद्रवात आणखी एक निळसर तुकडा, आणि त्यात लालसर-जांभळ्या ठिपक्यांची दाटी. एकेक ठिपका म्हणजे ‘थायलेरिया अ‍ॅन्युलाटा’ या परजीवीचं एकेक केंद्रक. हे सगळं घडतंय कुठे? गोचिडीच्या लाळेतून आलेला हा परजीवी मुख्यतः मॅक्रोफेज आणि बी-पेशींमध्ये शिरतो. आलेल्या जंतूला गिळणं, त्याची वर्दी देणं, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवणं हे ज्यांचं काम, त्याच या पेशी.

आता ठिपक्यांभोवती नीट पाहावं, तर पेशी आत आलेल्या जंतूभोवती ओढते तशी पडद्याची पिशवी तिथे नाही. या चित्राचं मर्म इथेच आहे. पेशीत लपणारे इतर अनेक जंतू पिशवीच्या आधाराने जगतात. क्षयाचा जंतू गिळला गेल्यावर त्याच पिशवीत बसून राहतो, फक्त पाचकरसाची थैली तिला जोडू देत नाही. टॉक्सोप्लाझ्मा स्वतःच्या सोयीची पिशवी घडवतो. लिशमानिया तर पाचकरसातच तग धरतो. थायलेरिया मात्र आत शिरल्यावर काही मिनिटांतच भोवतालचा पडदा विरघळवतो आणि पेशीच्याच सूक्ष्मनलिका अंगाभोवती ओढून घेतो. पिशवीच उरली नाही, तर पाचकरस ओतायचा कशात?

सूक्ष्मनलिका जवळ करण्याचं दुसरं कारण पेशी दुभंगताना कळतं. गुणसूत्रं वाटून देणारी तर्कू याच नलिकांची बनते आणि परजीवी तिला चिकटून राहतो. भावकीच्या वाटणीत विहीर जशी दोघांच्याही उताऱ्यावर लागते, तसा तो दोन्ही नव्या पेशींच्या वाट्याला येतो. बर्नमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये ही जुळणी तपशिलाने दाखवली. असं वाढताना त्याला पेशीबाहेर पाऊल टाकावं लागत नाही, आणि रक्तात फिरणारी प्रतिपिंडं त्याच्यापर्यंत पोचत नाहीत.

पेशीपाशी शेवटचा उपाय असतो तो स्वतःच मरण्याचा. त्याचीही सोय परजीवीने केलेली असते. पेशीला जगतं ठेवणारा ‘एनएफ-कॅपा-बी’ हा संदेशमार्ग तो आपल्या पृष्ठभागावर कायम चालू ठेवतो. पेशी मरत नाही, थांबत नाही, कर्करोगाच्या पेशीसारखी वाढतच राहते. टी-पेशींना अशी पेशी ओळखून मारता येते. बऱ्या झालेल्या जनावरात त्या तसं करतातही. पण पहिल्याच लागणीत त्यांना भलतीच चेतावणी मिळते. नेम लागत नाही, ताप तेवढा चढतो.

रसग्रहणात दोषही सांगायला हवेत. पुढच्या टप्प्यावर परजीवी तांबड्या पेशींत उतरतो, त्या नष्ट होत जातात, डोळे-हिरड्या पांढऱ्या पडतात आणि संकरित गाय दगावू शकते. गाय दगावणं ही त्याची चूकच, कारण दुसऱ्या जनावरापर्यंत जायला त्याला गोचीड लागते आणि गोचिडीला जिवंत रक्त. देशी जनावराशी त्याची जुनी ओळख आहे. तिथे आजार बहुधा सौम्य राहतो आणि परजीवी रक्तात दीर्घकाळ टिकतो. त्याच जनावराचं रक्त पिऊन गोचिडीची पिल्लं गोठ्याच्या भिंतीतल्या फटींत शिरतात, मोठी होतात आणि शेजारच्या गाईवर चढतात. त्याची कारागिरी निर्दोष दिसते ती देशी गाईत. एचएफ-जर्शीच्या संकरित गाईत ती तोल सोडते.

त्याच्या करामतीतच त्याच्यावरचा तोडगा आहे. बाधित पेशी मरत नाहीत म्हणून प्रयोगशाळेत त्या पुनःपुन्हा वाढवता येतात, आणि अशा दीर्घ वाढीत परजीवीची धार बोथट होते. भारतातली गोचीड तापाची लस म्हणजे द्रवरूप नायट्रोजनमध्ये जपलेल्या अशाच जिवंत पेशी. ब्युपारव्हाक्वोन या औषधाचं इंजेक्शन दुसरी बाजू उघडी करतं: परजीवी मेला की पेशीची बेबंद वाढ थांबते. एवढी मोठी उलथापालथ, पण ती त्याच्या असण्यावरच उभी.

म्हणून काचपट्टी वेळेत वाचण्याला मोल आहे. गाठ हाताला लागली की त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. उशिरा दिलेलं औषध परजीवीला मारतं. गेलेलं रक्त भरून देत नाही.